चांदीच्या चकतीतली वरात

मुलांनो, आज टीव्हीखालचं कपाट उघडा. जुन्या वायरी, बंद पडलेले रिमोट आणि लग्नपत्रिका यांच्या ढिगाऱ्यात तळाशी एखादी चपटी प्लॅस्टिकची डबी सापडेल. आत आरशासारखी चकाकणारी चकती. वर मार्करने लिहिलेलं असेल, 'काकूचं लग्न, भाग २'. भाग १ कुठे गेला हे घरात कोणालाच आठवत नसतं!

हीच ती डीव्हीडी. १९९६ साली ती पहिल्यांदा जपानमध्ये विकायला आली. पुढे आपल्याकडची लग्नं, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं व्हिडिओ कॅसेट सोडून तिच्यावर येऊन बसली. आता बहुतेक नव्या लॅपटॉपना ती घालायला जागाच नसते. म्हणून ती पडून राहते, आणि पडल्या पडल्या खराब होते. सिनेमाच्या डीव्हीडीत कारखान्यातच बारीक खड्डे ठशाने उमटवलेले असतात. आपल्या लग्नाच्या डिस्कमध्ये मात्र रंगाचा पातळ थर असतो आणि लेसरने त्यावर खुणा केलेल्या असतात. ऊन आणि उष्णता लागली की हा रंग बिघडतो. मग एक दिवस ड्राइव्ह नुसता घुर्रघुर्र करतो, चित्र काही येत नाही.

काहीजण यावर सोपा उपाय काढतात. टीव्हीवर डिस्क लावायची आणि समोर मोबाइल धरायचा. नको रे बाबांनो! चित्र धुरकट येतं आणि सनईच्या जोडीला आपल्या कुकरच्या शिट्ट्याही भरल्या जातात.

त्यापेक्षा यूएसबीच्या वायरीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह कोणाकडून तरी मागून आणा. डिस्क मऊ सुती फडक्याने पुसा, पण मधून कडेकडे, सरळ. गोल गोल पुसू नका. माहिती डिस्कवर गोल फिरत लिहिलेली असते. आडवा ओरखडा पडला तर तिचा एखादा कण जातो आणि यंत्र तो हिशेबाने भरून काढतं. गोल ओरखडा पडला तर सलग ओळच जाते, मग हिशेब कशावरून करणार?

डिस्क कॉम्प्युटरवर उघडली की 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर दिसेल. आधी तो अख्खा उचलून हार्ड डिस्कवर कॉपी करा. ही आपली मूळ प्रत, हिला हात लावायचा नाही. मध्येच कॉपी अडकली तर डिस्क पुन्हा पुसून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क कधीकधी दुसऱ्याला वाचता येते.

खरी गंमत पुढेच आहे. त्या फोल्डरमध्ये 'काकूचं लग्न' अशी एक फाइल नसते. असतात त्या व्हीओबी नावाच्या चारपाच फायली, १, २, ३ असे आकडे लावलेल्या. ० आकड्याची असली तर ती सुरुवातीच्या मेन्यूची, ती सोडून द्या. मुलांना वाटतं, पहिलीत हळद असेल, दुसरीत लग्न, तिसरीत वरात. छे! डिस्क ४.७ जीबीची आणि एका व्हीओबीला १ जीबीपेक्षा मोठं व्हायची परवानगी नाही. त्यामुळे १ जीबी भरला की फाइल तुटते. तिथे मंत्र चालू आहेत की जेवणाची पंगत, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

आमच्या चौथीतल्या एका मुलीच्या घरी असंच झालं. २००६ सालच्या लग्नाची डिस्क होती. तिच्यात तिची पणजी उखाणा घेताना दिसते. पणजी गेली ती या मुलीच्या जन्माआधी, त्यामुळे तिचा आवाज हिने कधी ऐकलाच नव्हता. घरच्यांनी फायली सुट्ट्या सुट्ट्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढल्या, तर उखाण्याचं यमक एका फायलीत आणि पणजोबांचं नाव दुसऱ्या फायलीत! दोन्ही शेजारी लावल्या, तरी मध्ये खट्ट आवाज होऊन नावाचं पहिलं अक्षर गायब. डिस्कवर ते अक्षर होतं, बरं का. ते फक्त जोडताना सांडत होतं.

उपाय साधा आहे. फायली आपण चिकटवायच्या नाहीत. मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर डीव्हीडीसाठी फुकट मिळतं. ते अख्खी डिस्क क्रमाने वाचतं आणि चित्राला धक्का न लावता सगळ्याची मिळून एकच फाइल करतं. त्या घरात तसं केलं आणि पणजोबांचं नाव अख्खं ऐकू आलं. ती फाइल शॉटकट किंवा केडेनलाइव्ह अशा फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडते. तिथे उघडली नाही, तर हँडब्रेकमधून एमपी४ करून घ्या. मात्र हे रूपांतर एकदाच करायचं. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स काढली की अक्षरं कशी पुसट होतात? तसंच होतं.

पुसट का होतात, तेही सांगते. वर्गाची हजेरी आठवा. सोमवारी मी सगळ्यांची नावं घेतली आणि मंगळवारी एवढंच लिहिलं, 'कालच्यासारखंच, फक्त सात नंबर नाही', तर किती जागा वाचेल! डीव्हीडीत असंच असतं. साधारण अर्ध्या सेकंदात एकदा पूर्ण चित्र, आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं ते. सेकंदाला २५ चित्रं अशी दाबून बसवलेली असतात. ती पुन्हा दाबली की दर वेळी थोडं थोडं हरवतं.

आणखी दोन गोष्टी दिसतील, घाबरू नका. लेझीम खेळणाऱ्या मुलांच्या हातांना कंगव्यासारखे दात आले, तर ती तुमची चूक नव्हे. तेव्हाचे बहुतेक कॅमेरे आधी चित्राच्या एकाआड एक ओळी टिपायचे आणि मग उरलेल्या. जुन्या टीव्हीवर ते कळायचं नाही, कॉम्प्युटरवर कळतं. 'डीइंटरलेस' ही खूण केली की दात जातात. दुसरं म्हणजे नवरदेव अचानक लंबुळका दिसला, तर चित्राचं रुंदी-उंचीचं प्रमाण तपासा. कॅमेऱ्यावर अवलंबून ते ४:३ किंवा १६:९ असतं.

आईबाबांसाठी एक गोष्ट. काही घरी लहान, आठ सेंटिमीटरच्या चकत्या असतील, थेट कॅमेऱ्यात बसणाऱ्या. त्या डिस्क आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, अडकतात. आणि तो कॅमेरा भंगारात द्यायच्या आधी डिस्क त्यात 'फायनलाइज' केली होती का ते बघा. नसेल तर ती कॉम्प्युटरवर बहुधा उघडणारच नाही, आणि ते काम त्याच कॅमेऱ्यावर करून घेणं सगळ्यात बरं.

सिनेमाच्या विकतच्या डिस्कना कुलूप असतं, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आपण आपल्याच घरच्या वरातीपुरतं बोलतोय.

कापाकापी सुरू करण्याआधी एका संध्याकाळी आजीला शेजारी बसवा आणि सगळं एकदा लावा. फेटेवाले कोण, मागे रडतंय ते बाळ कोणाचं, ती पटापट सांगेल. वही घेऊन बसा. नाव, नातं आणि ते पडद्यावर कितव्या मिनिटाला दिसतात ते लिहा, आणि तो कागद टाइप करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.