एक पावसाळा अजून निघेल

"एक पावसाळा अजून निघेल."

हे वाक्य माणसाने छत्रीबद्दल म्हणावं, रेनकोटबद्दल म्हणावं, गच्चीवरच्या ताडपत्रीबद्दल तर खुशाल म्हणावं. गाडीच्या टायरबद्दल म्हणू नये. शहाणपणाचा आव आणून सांगत नाहीये हो. हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे, भाऊजींच्या गाडीच्या टायरवर एक लाथ मारून.

आमच्या घरात गाड्यांतलं मला कळतं असा एक गैरसमज आहे. त्यामुळे २०२४ च्या जूनमध्ये भाऊजींनी विचारलं, "जरा बघ रे, बदलायला हवेत का?" मी खाली वाकलो, खाचेत नख घातलं, नख थोडं आत गेलं. म्हटलं, निघेल की अजून एक पावसाळा. भाऊजी खूश. सोळा-सतरा हजार वाचले.

जुलैत ते, ताई आणि आई ताम्हिणीतून माणगावकडे उतरत होते. वेग फार नव्हता. वळणावर पुढची गाडी अचानक थांबली (धबधबा दिसला, दुसरं काय!). भाऊजींनी ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस खडखडलं आणि गाडी सरळ पुढे घसरत गेली. त्यांनी डावीकडे वळवली म्हणून डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन थांबली. उजवीकडे काय होतं ते ताम्हिणी पाहिलेल्यांना सांगायला नको. कोणाला काही लागलं नाही. आईने देवाचे आभार मानले. भाऊजी मला फक्त एवढंच म्हणाले, "तूच बघितले होतेस ना रे?"

नंतर मी ते टायर नीट पाहिले. खाच दोन मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे कायद्याने चालणारे, कारण कारसाठी किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर असते आणि तिचं पावसातलं काम एकच, चाकाखालचं पाणी बाहेर ढकलणं. कोरड्या रस्त्यावर दोन मिलिमीटरचा टायर तुम्हाला काही कळू देत नाही, पावसात एकदम कळवतो. बाजूला तारखेचे चार आकडे होते, ३२१८. म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षं उन्हात उभं राहून रबर कडक झालं होतं. हे आकडे वाचायला अर्धं मिनिट लागतं. मी ते अर्धं मिनिट दिलं नव्हतं.

आता माझं भांडण. आपण टायर घेताना विचारतो काय? "किती चालेल?" बस्स. आमचे एक मामा लग्नकार्यात पोरांच्या मार्कांसारखं सांगतात की माझ्या टायरने सत्तर हजार काढले. मामा, अभिनंदन. पण जो टायर झिजत नाही, तो बऱ्याचदा कडक रबराचा असतो, आणि कडक रबर ओल्या डांबरावर पकड धरायला नाखूश असतं. सिलिका घातलेल्या मिश्रणामुळे हा तिढा बराच सुटला आहे हे खरं, पण पूर्ण नाही. किलोमीटरची हमी मोठ्या अक्षरात असेल तर ओल्यात काय, हे दुकानदाराला विचाराच.

एबीएस आहे ना मग, असंही ऐकलं. २०१९ च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या कारना ते सक्तीचं आहे. उत्तम झालं. पण एबीएस चाक अडकू देत नाही, म्हणून स्टिअरिंग फिरवता येतं, इतकंच. पकड ते कुठून आणणार? ती रबरातच असावी लागते. भाऊजींची गाडी वळली ती एबीएसमुळे, थांबली नाही ती टायरमुळे.

दुसरी जमात आमच्या मित्रांची. यांच्या मते सुरक्षित टायर म्हणजे महागडा परदेशी टायर, शिवाय दोन मापं रुंद, अलॉयवर. अरे बाबांनो, साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो! साधी गोष्ट आहे, जास्त रुंदी म्हणजे जास्त पाणी ढकलायचं. कंपनीने दिलेलंच माप ठेवा, पैसेही वाचतात. हवेचंही तसंच. नासाने विमानांच्या चाकांवरून काढलेला एक जुना आडाखा आहे, त्यानुसार ३३ पीएसआयला चाक साधारण ९५ च्या वेगाला पाण्यावर तरंगू लागतं, २५ ला सुमारे ८३ लाच. कारला तो तंतोतंत लागू नाही, पण दिशा कळते. आणि हवा पंपावर फुकट मिळते. (नायट्रोजनचे पैसे घेणाऱ्यांना सांगा की साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.)

सरकारवरही राग आहे. २०२२ मध्ये ओल्या रस्त्यावरच्या पकडीची किमान पातळी ठरवणारा नियम आला, चांगलंच झालं. पण ती पातळी कुठल्या टायरने काठावर गाठली आणि कुठल्याने सहज ओलांडली, हे काउंटरवर मला कोण सांगणार? आपल्याकडचे तारे आहेत ते इंधन बचतीचे! युरोपात २०१२ पासून ओल्या पकडीचं अक्षर लेबलवर छापतात. तिथल्या जुन्या लेबलवर 'ए' आणि 'एफ' टायरमध्ये ताशी ८० वरून थांबताना १८ मीटरपर्यंत फरक धरला जायचा. म्हणजे चार स्विफ्ट एकामागे एक उभ्या करा, वर थोडी जागा उरेल. इतका पाऊस आपल्या घाटांत पडतो आणि ते अक्षर मात्र आपल्याला बघायला मिळत नाही.

भाऊजींनी शेवटी देशी कंपनीचे मधल्या किमतीचे टायर घेतले, ओल्या रस्त्यासाठी म्हणून विकला जाणारा प्रकार. त्याच कंपनीच्या 'जास्त चालणाऱ्या' टायरपेक्षा एकेक सुमारे पाचशेने महाग. चारांचे दोन हजार. सीट कव्हरला त्यांनी याच्या तिप्पट घातले होते, असो. दुकानदार आधी दोनच घ्या म्हणत होता, पुढे लावायला. दोनच घेणार असाल तर नवे मागे लावायचे असतात, कारण ओल्यात मागची चाकं सुटली की गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणं आपल्यासारख्यांच्या हातात नसतं. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "सगळे पुढेच लावतात साहेब."

माझ्या गाडीचे आता साडेतीन मिलिमीटर आहेत. तीनला आले की बदलणार, बायकोला आधीच सांगून ठेवलंय. मामांचे मात्र अजून पाहिले नाहीत. रविवारी जाणार आहे, टॉर्च घेऊन. चिडले तर चिडले.