कॅसेट मरायच्या आधी



लोखंडी कपाटावर, माळ्यावर, पलंगाखालच्या ट्रंकेत आपल्या घराघरात व्हीएचएसच्या कॅसेटी पडल्यात. कुणाचं लगीन, कुणाची जयंती, कुणाच्या बापाचं मोर्च्यातलं भाषण. १९७८ ते १९९४ नामांतराचा लढा चालला. त्याच्या बातम्या जुन्या पेपरात सापडतील. पण बोलणाऱ्या माणसाचा आवाज, त्याचं मधेच खाकरणं कुठं सापडेल? कुणी भाड्याच्या कॅमेऱ्यावर टिपलं असेल तर त्या पट्टीतच.

आणि ती पट्टी मरतेय. मुंबईची दमट हवा लागली की पांढरी बुरशी चढते. वाजवायचं यंत्रही संपलं. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, ती शेवटची. आता आहेत ते जुने, दुरुस्त करकरून चालवलेले.

काही पोरं टीव्हीसमोर मोबाइल धरून शूटिंग करतात. चित्रावर काळे पट्टे सरकतात, काचेत ट्यूबलाइट चमकते, भाषणात शेजारचा कुकर शिट्टी मारतो. साला, ह्याला नक्कल म्हणायची?

वायरीने करा. ए/व्ही इन असलेला डिजिटल-एट किंवा मिनी-डीव्हीचा जुना कॅमेरा शोधा. व्हीसीआरच्या आउटमधून तीन वायरी काढा. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. त्या कॅमेऱ्यात खोचा. कॅमेरा शूटिंगवर नको, व्हीसीआर मोडवर ठेवा. इकडे प्ले, तिकडे रेकॉर्ड. लेन्सचं कामच नाय. मग फायरवायरचं भोक असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवा. तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. बुरशीची कॅसेट आधी साफ करून घ्या, नायतर व्हीसीआरचं हेड बरबाद आणि पुढच्या कॅसेटीलाही लागण. कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडून टाका, म्हणजे वरून कुणी सिनेमा भरणार नाही.

कॅमेरा घेताना डोळे उघडे ठेवा. युरोपात बाहेरचं चित्र रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याला जकातवाल्यांनी व्हिडिओ रेकॉर्डर ठरवलं, जास्त कर लावला. कंपन्यांनी काय केलं? तिथं विकायच्या कित्येक कॅमेऱ्यांची आत यायची वाटच बंद केली. मशीन तेच, ताकद तीच. बाहेर जायची मुभा, आत यायला बंदी. हा कायदा आपल्याला ओळखीचा आहे! म्हणून पैसे मोजायच्या आधी वायर लावून बघा.

मी गोदीत माल उचलतो. पेटीवर चिठ्ठी नसेल तर माल कुणाचा ते कळत नाही, पेटी बेवारस पडून राहते. उतरवलेल्या कॅसेटीचंही तसंच. एका तासाच्या कॅसेटीला एक तासच लागतो, घाई चालत नाही. तेवढा वेळ वस्तीतल्या म्हाताऱ्यांना शेजारी बसवा. हा कोण? ती झेंडा धरलेली बाई कोण? साल कुठलं, मैदान कुठलं? वहीत लिहा. दोन नकला काढा, दोन वेगळ्या घरांत ठेवा. मूळ कॅसेट फेकू नका.

सरकारी कपाटात आपल्याला कुणी जागा राखून ठेवलेली नाही. आपली माणसं आपणच उतरवून घ्यायची. येत्या रविवारी माळ्यावर चढा.