नदीच्या पायवाटेवर आपले घर



१ सप्टेंबर २०२४ हा रविवार होता. जगभरच्या अनेक मंडळ्या त्या तारखेपासून ४ ऑक्टोबरपर्यंत निर्मितीचा काळ पाळतात. आम्हीही त्यासाठी गीते निवडून ठेवली होती. पण बडोद्यात त्या रविवारी आमच्यातले पुष्कळ जण उपासनेला आलेच नाहीत. ते घराघरांतून चिखल ओढत होते.

आधीच्या आठवड्यात विश्वामित्रीचे पाणी ३५ फुटांच्या वर चढले होते. रविवारी दुपारी आम्ही काही जण फावडी घेऊन मदतीला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिजलेल्या गाद्या, फुगलेले प्लायवुडचे पलंग आणि फ्रिज यांचे ढीग पडले होते. एका मावशींनी तीन कपाटे बाहेर काढायला लावली आणि मग म्हणाल्या, "यातलं निम्मं तर आम्ही कधी वापरलंच नव्हतं हो." मोठी कोठारे बांधायला निघालेला तो श्रीमंत मनुष्य आम्हांला तिथेच आठवला. आमच्याही घरी अशी कपाटे आहेत.

ही नदी पावागडच्या डोंगरातून येते. तिच्या काठची कोतरे आणि सखल रान म्हणजे तिचीच पावसाळ्यातली खोली. जादा पाणी तिथे पसरायचे, मुरायचे, मग हळूहळू ओसरायचे. आपण ती कोतरे भरावाने बुजवली आणि वर इमारती चढवल्या. पाणी मग सोसायटीत शिरते, आणि पाण्याबरोबर मगरीही. मगर घरात आली, असे आपण म्हणतो. खरे तर ज्या काठावर ती उन्हाळ्यात अंडी घालते तिथे आपण पार्किंग केले आहे.

पाऊस अफाट होता, हे खरे. ३१ जुलै २०१९ लाही एका दिवसात सुमारे २० इंच कोसळला होता. पण सगळे आभाळावर ढकलून चालणार नाही. नदीच्या पूरक्षेत्राचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढेही गेला आणि मे २०२१ मध्ये त्यावर आदेश झाला. त्यानंतरही नदीकाठचा फ्लॅट घेताना, इथे पूर्वी काय होते, असे आमच्यापैकी किती जणांनी विचारले? बाल्कनीतून हिरवळ दिसते, एवढे बघून आपण टोकन देतो.

खडकावरचे घर आणि वाळूवरचे घर हा दाखला आपण संडे स्कूलपासून हातवारे करून गातो. त्याचा अर्थ नेहमी विश्वासापुरताच घेतो. प्रभू सुताराच्या घरात वाढला होता. पाया कुठे घालावा हे त्याला ठाऊक नसेल का? आणि जमीन परमेश्वराची, आपण तिच्यावर उपरे, असे लेवीय सांगते. उपऱ्याने यजमानाचे अंगण बुजवू नये.

आता आपल्या स्वतःच्या आवाराकडे या. दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून आपणच तिथे पेव्हर ब्लॉक बसवले. लग्नाच्या गाड्यांची सोय झाली, आणि आवारातले पावसाचे पाणी सगळे रस्त्यावर जाऊ लागले. आमचे म्हणणे एवढेच की मागच्या बाजूचे ब्लॉक काढावेत, तिथे पाणी मुरवण्याचा खड्डा घ्यावा. गाड्या लावायला जागा कमी पडेल, कुरकुर होईल, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. हा विषय येत्या कमिटीच्या सभेत मांडणार आहोत. ज्यांच्या घरात त्या ऑगस्टमध्ये पाणी शिरले होते, त्यांनी जरूर यावे आणि आधी बोलावे.