पुराच्या भाकिताची परीक्षा

नाशिकला गोदावरीचा पूर मोजायला जुन्या माणसांना आकडा लागत नाही. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, एवढे सांगितले की पुरे. पण तोवर काठच्या झोपड्यांत पाणी शिरलेले असते. म्हणून आधी सांगणारे कोणीतरी हवे. ते काम आता संगणक करू लागला आहे.

पाऊस, उतार, माती आणि जमिनीतली ओल यांचे गणित मांडून नदीला किती क्यूसेक पाणी येईल, हे संगणकाचे मॉडेल काढते. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. संपूर्ण खोऱ्याचीच काय, साऱ्या जगातल्या नद्यांची अशी मॉडेल आहेत. मात्र त्यांच्यावर भरवसा ठेवण्यापूर्वी त्यांची परीक्षा घ्यावी लागते.

रीत शाळेतलीच. काही वर्षांच्या नोंदींवर मॉडेल तयार करायचे आणि त्याने न पाहिलेल्या वर्षांचे प्रश्न घालायचे. गुण देण्याची एक पद्धत नॅश व सटक्लिफ यांनी १९७० मध्ये मांडली. भाकीत तंतोतंत जुळले तर १ गुण. रोज नुसती सरासरी सांगण्याइतकेच जमले तर शून्य. त्याहून वाईट असेल तर उणे.

परंतु मोठ्या प्रदेशाचे एकूण गुण फसवे असतात. इतर शंभर ठिकाणी पास आणि आपल्या घाटावर नापास, तरी सरासरी चांगलीच दिसते. शिवाय गंगापूर धरणाखालचे पाणी दरवाजे कधी आणि किती उघडले यावरही ठरते. धरणाचा हिशेब न धरणारे मॉडेल नाशिकला चुकणारच. वर्षभर बरोबर आणि पुराच्या दिवशी चूक, असे भाकीत काय कामाचे? १९६९, २००८, २०१६, २०१९ हे पूर म्हणजे नाशिकची खरी प्रश्नपत्रिका होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४५ मध्ये जलमार्ग, सिंचन व नौकानयन यांचा केंद्रीय आयोग स्थापन झाला. पुराचे इशारे देणारा आजचा केंद्रीय जल आयोग त्यातूनच उभा राहिला.

बंधू-भगिनींनो, भाकिताविषयी तीन प्रश्न विचारायला शिका. आमच्या ठिकाणी ते किती जुळले? मोठ्या पुरात जुळले का? आणि किती तास आधी कळले? शिकलेल्या मुलामुलींनी धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा वस्तीत समजावून सांगावा. इशारा शेवटच्या झोपडीपर्यंत वेळेत पोचला, तरच ते गणित पास झाले म्हणायचे.