आयबीएसवर मल-प्रत्यारोपण: आधी पुरावा, मग पैसे



निरोगी माणसाच्या मलातले जिवाणू आतड्यात सोडले की आयबीएस हा आतड्याचा चिवट विकार कायमचा जातो, असा प्रचार हल्ली मोबाइलवर फिरतो आहे. मला स्वतःला हा आजार आहे. एसटीने जायचे तर आदल्या रात्रीपासून पोटात काही घालायचे नाही, लग्नघरात शिरताच आधी संडास शोधायचा आणि दवाखान्यात ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ हे ऐकून परतायचे! अशा गांजलेल्या माणसांना अर्धवट सिद्ध झालेला उपाय विकणे मला अन्यायाचे वाटते.

हा उपचार थोतांड नाही. सी. डिफिसिल जिवाणूमुळे पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या जुलाबांवर तो गुणकारी आहे. २०१३च्या डच चाचणीत १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच खेपेत बरे झाले. पण तिथे शत्रू एकच असतो. आयबीएसमध्ये कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला जुलाब, कारणेही अनेक.

चाचण्यांचे निकालही तसेच विस्कळीत आहेत. २०१८ मध्ये नॉर्वेत दात्याचा मल दिलेल्या ६५ टक्के रुग्णांना तीन महिन्यांनी आराम पडला. मात्र ज्यांना स्वतःचाच मल परत दिला होता, त्यांच्यातही ४३ टक्क्यांना बरे वाटले. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये कॅप्सूल देऊन पाहिल्या, तर खोट्या कॅप्सूल घेणारेच अधिक सुधारले. जाहिरातवाले २०२०च्या नॉर्वेतल्या चाचणीत ८९ टक्क्यांना बरे वाटल्याचा दाखला देतात. तो आकडा खरा आहे, पण तिथे सगळ्यांसाठी खास पारखून निवडलेला एकच दाता होता, हे ते सांगत नाहीत. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये आयबीएससाठी हा उपचार चाचणीबाहेर करू नये, असेच सुचवले.

दात्याची तपासणी हा तर जिवाचा प्रश्न. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रतिकारशक्ती कमी असलेल्या दोन रुग्णांना दात्याच्या मलातून अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या ई. कोलायची लागण झाली, एक दगावला. त्या मलाची या जिवाणूसाठी तपासणीच झाली नव्हती. आपल्याकडे असे जिवाणू धडधाकट माणसांच्या आतड्यांतही सर्रास सापडतात.

ज्या डॉक्टरांचा या उपचारावर विश्वास आहे, त्यांनी सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत नोंदवून, नैतिकता समितीची परवानगी घेऊन, रुग्णाकडून एक पैसाही न घेता चाचणी करावी. आम्ही रुग्ण आनंदाने नाव देऊ. तोपर्यंत कुणी पॅकेज पुढे केलेच, तर वाचकांनी विचारावे: दात्याची कोणती तपासणी केली? वर्षभराने किती रुग्ण बरे राहिले? लेखी उत्तर मिळाले नाही, तर पैसे भरू नका.

— एक वाचक, सांगली