हसण्यातून होणारे संस्कार

नाटक-सिनेमांमुळे मुले बिघडतात, ही पालकांची तक्रार जुनीच आहे. अलीकडे तिला एक पुरवणी जोडली जाते : मालिका आणि रील पाहून मुलगे बायकी होतात, मुलींच्या डोक्यात भलत्या कल्पना शिरतात. या सदराच्या वाचकांकडूनही हा प्रश्न अधूनमधून येतो, म्हणून आज त्याविषयी.

चित्रपट पाहून कोणाचा लैंगिक कल बदलतो, याला शास्त्रीय आधार नाही. मात्र स्वतःमधले काय मिरवावे आणि काय लपवावे, हे मूल माध्यमांतून शिकते, आणि फार लवकर शिकते.

आपल्याच रंगभूमीचे आणि पडद्याचे उदाहरण घेऊ. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती साकारली ती अण्णा साळुंके या पुरुषाने. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) तर राम आणि सीता दोन्ही तेच होते. त्याच काळात बालगंधर्वांच्या भामिनीवर आणि रुक्मिणीवर महाराष्ट्र लुब्ध होता. त्यांची लुगडे नेसण्याची ढब, केशरचना, दागिने घरंदाज स्त्रिया हौसेने उचलीत. स्त्रीसौंदर्याचा आदर्श एका पुरुषाने घालून द्यावा आणि त्यात कोणाला वावगे वाटू नये! (कुलीन स्त्रियांना रंगमंच जवळजवळ बंद होता म्हणून हे घडले, हेही खरेच.)

पुढे तमाशापट आले आणि त्यांतला ‘नाच्या’ लोकप्रिय झाला. गणपत पाटील यांनी ही भूमिका इतकी हुबेहूब वठवली की तीच त्यांची ओळख होऊन बसली. कोल्हापूरच्या या संसारी कलावंताला त्या प्रतिमेची झळ खासगी आयुष्यातही सोसावी लागली. आनंद यादव यांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटाने नाच्याची हीच कुचंबणा मध्यवर्ती ठेवली. बालगंधर्व आणि नाच्या, हावभाव दोघांचेही बायकीच. पण एकाला दाद मिळाली आणि दुसऱ्याला हशा. प्रेक्षकाने कोठे मान तुकवावी आणि कोठे खिदळावे, हे लेखक-दिग्दर्शक ठरवीत होते.

हा हशा आता दिवाणखान्यात ऐकू येतो. विनोदी कार्यक्रमात एखादा नट लचकत येतो, वडील मनमुराद हसतात आणि शेजारी बसलेला बारा वर्षांचा, मृदू आवाजाचा मुलगाही हसतो. त्याला कोणता धडा मिळाला, ते कोणी विचारीत नाही. असा प्रत्येक मुलगा समलिंगी वा पारलिंगी असतो असे मुळीच नाही. कित्येक जण केवळ हळवे असतात. तरी भीती सर्वांनाच बसते. मुलींचा धडा निराळा. ‘कुछ कुछ होता है’मधली (१९९८) आखूड केसांची, बास्केटबॉल खेळणारी अंजली नायकाला केवळ दोस्त वाटते, लांब केस आणि साडी आल्यावर त्याची नजर बदलते. मैदान गाजवणाऱ्या मुलीने यातून काय समजावे?

या भीतीची लक्षणे घरात दिसतात : शाळेच्या वेळी पोट दुखणे, स्नेहसंमेलन टाळणे, कोवळ्या वयात व्यायामशाळेचा आणि प्रोटीनच्या डब्यांचा अट्टहास. अशा वेळी काही पालक मुलाला ‘सरळ’ करणारा डॉक्टर शोधू लागतात. समलैंगिकता जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच आजारांच्या यादीतून वगळली. २०२२ पासून लागू झालेल्या नव्या वर्गीकरणात पारलिंगी असणे हाही मानसिक विकार मानलेला नाही. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे ‘उपचार’ व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तेव्हा बरे करण्याची हमी देणाऱ्याच्या दारी मुलाला नेऊ नये.

दूरचित्रवाणी संच बंद करण्याचीही गरज नाही. तो विनोद पुन्हा येईल, तेव्हा हसू आवरून सहज विचारावे, “यात हसण्यासारखे काय होते रे?” आणि उत्तराची घाई करू नये, ते कदाचित आठवड्याने, भाजी निवडताना येईल. मूल जेवेनासे, झोपेनासे झाले किंवा जगण्याविषयी निराशेने बोलू लागले, तर मात्र थांबू नये. मानसोपचारतज्ज्ञ गाठावा, किंवा शासनाच्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सेवा विनामूल्य असून अहोरात्र चालू असते.