कळफलकाला हात लावू नका

तुमच्यापैकी काही जण संगणकाचा प्रोग्रॅम लिहायला शिकले असतील. मग खालच्या वर्गातील मुले तुमच्याकडे येऊन म्हणत असतील, "भाई, जरा बघा ना, हे चालतच नाही!" अशा वेळी तुम्ही काय करता?

मी काय केले, ते आधी सांगतो. आठवीतील एक मुलगी पायथॉन या संगणकीय भाषेत ७ चा पाढा लिहीत होती. पाढा 'सात नवे त्रेसष्ट'वर थांबे. 'सात दाहे सत्तर' काही येईना. मला चूक लगेच दिसली. मी कळफलक पुढे ओढला आणि १० च्या जागी ११ लिहिले. पाढा पूर्ण झाला. ती "शुक्रिया, सर" म्हणाली. मलाही बरे वाटले.

पुढच्या आठवड्यात तिने १ ते १०० या संख्यांची बेरीज करायला घेतली. उत्तर ५०५० यायला हवे, आले ४९५०. चूक तीच! पण तिने ती शोधली नाही. ती माझी वाट पाहत बसून राहिली. हे तिला मीच शिकवले होते.

या वेळी मी हात पाठीमागे बांधले. म्हणालो, "फक्त ५ पर्यंत बेरीज कर. संगणक कोणकोणती संख्या घेतो, ते वहीत लिही." तिने लिहिले, १, २, ३, ४. मग एकदम ओरडली, "सर, हा शेवटची संख्या घेतच नाही!" खरेच, पायथॉनची 'रेंज' दिलेल्या शेवटच्या संख्येच्या आधीच थांबते. यात वीस मिनिटे गेली. मधे दोनदा माझे हात शिवशिवले, हे कबूल करतो.

काही शिक्षक म्हणतात, संगणक थोडे, मुले जास्त, एवढा वेळ कोठून आणायचा? अडचण खरी आहे. पण वही-पेन्सिलीला संगणक लागत नाही. मुलांसाठी 'लोगो' ही भाषा १९६७ मध्ये तयार झाली. ती तयार करणाऱ्यांपैकी एक, गणितज्ञ सेमूर पॅपर्ट, यांच्या मते प्रोग्रॅम बरोबर की चूक, यापेक्षा तो दुरुस्त कसा करता येईल, हा प्रश्न महत्त्वाचा. तो प्रश्नच आपण मुलांच्या हातून काढून घेतो.

मात्र एखादे मूल एका राहिलेल्या स्वल्पविरामासाठी रडकुंडीला आले असेल, तर सरळ बोट दाखवावे. तेथे हट्ट नको.

ती मुलगी आता नववीत आहे. सहावीच्या मुलांना ती प्रोग्रॅम शिकवते, तेव्हा तिचे दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले असतात.